स्टेडियमचा खर्च आणि दाद मागायची जागा

ओहायो राज्याच्या तिजोरीत एक वेगळी थैली आहे. तिच्यातला पैसा राज्याचा नाही. कुणी बँकेत खातं उघडलं आणि विसरलं, कुणाचा शेवटच्या पगाराचा चेक वटवायचा राहिला, घर बदलताना कुणी वीज कंपनीकडची अनामत परत घेतली नाही, कुणी वारलं आणि मुलांना विम्याचा पत्ताच नव्हता. अशा बेवारस रकमा कंपन्या राज्याकडे जमा करतात आणि मालक येईपर्यंत राज्य त्या सांभाळतं. २०२५च्या जूनअखेर ओहायोच्या अर्थसंकल्पावर सही झाली, तेव्हा याच थैलीतून ६० कोटी डॉलर काढून क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकी फुटबॉल संघाच्या नव्या, छप्पर असलेल्या स्टेडियमला द्यायची तरतूद त्यात होती. दहा वर्षांत ज्या रकमेवर कुणी हक्क सांगितला नाही ती राज्याची, असं कलमही सोबत आलं. जुलैमध्येच काही नागरिकांच्या वतीनं न्यायालयात दावा दाखल झाला. त्यांचं म्हणणं सरळ आहे: ठेव सांभाळायला दिली, तर ती खर्च करायचा हक्क राखणदाराला मिळत नाही.

पैशाचा हा स्रोत नवा आहे. दावा मात्र जुन्याच घराण्यातला आहे. खासगी मालकीच्या संघासाठी लोकांच्या पैशातून स्टेडियम का बांधायचं, हा सवाल घेऊन अमेरिकेतले करदाते कित्येक दशकं न्यायालयाची पायरी चढत आले आहेत आणि बहुतेक वेळा हरून परतले आहेत. प्रत्येक दावा त्यांनी जिंकायला हवा होता, असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. न्यायालयं त्यांना सांगतात की हा प्रश्न धोरणाचा आहे, मतपेटीकडे जा. ते मतपेटीकडे जातात तेव्हा कायद्याची एखादी पळवाट काढून मतदानच टाळलेलं असतं, आणि त्याविरुद्ध पुन्हा न्यायालयात यावं तर न्यायालय त्या पळवाटेवर शिक्का मारतं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था आहे.

हा वाद समजायला १८३७पर्यंत मागे जावं लागतं. त्याआधीच्या वर्षांत अमेरिकेतल्या राज्यांनी कालवे, रेल्वे आणि बँका यांच्यासाठी भरमसाट कर्जं काढली होती. कालवा झाला की जमिनीचे भाव चढतील, व्यापार वाढेल, कर्ज आपोआप फिटेल, असं प्रवर्तक सांगत होते. १८३७मध्ये बाजार कोसळला. १८४०नंतरच्या दोन-तीन वर्षांत आठ राज्यांचे आणि तेव्हा राज्याचा दर्जा नसलेल्या फ्लोरिडाचे कर्जाचे हप्ते थकले. हात पोळल्यावर राज्यांनी आपापल्या राज्यघटनांत कुलपं घातली. सार्वजनिक पैसा सार्वजनिक प्रयोजनासाठीच खर्च व्हावा, राज्यानं आपली पत खासगी कंपनीला उसनी देऊ नये, खासगी माणसाला सरकारी पैशाची खिरापत वाटू नये, ठरावीक मर्यादेपलीकडचं कर्ज लोकांच्या मताशिवाय काढू नये. ओहायोनं असं कलम १८५१च्या राज्यघटनेत घातलं. स्टेडियमविरुद्धच्या जवळपास प्रत्येक दाव्यात आज याच जातीची कलमं पुढे केली जातात. त्यांत खेळाचा उल्लेख कुठंच नाही. पण ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो माणूस होता, बगलेत नकाशे मारून भरभराटीची आश्वासनं देत येणारा, तो आज संघाच्या मालकाच्या रूपात नगरपालिकेच्या सभागृहात बसलेला दिसतो.

या कलमांचा आत्मा ज्या निकालात सगळ्यांत स्वच्छ उमटला, तो टोपेकाचा. कॅन्सस राज्यातल्या या शहरानं लोखंडी पुलांचा कारखाना आपल्याकडे यावा म्हणून कंपनीला एक लाख डॉलरचे कर्जरोखे देऊन टाकले होते. १८७४च्या सत्रात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवले. न्यायमूर्ती सॅम्युअल मिलर यांच्या म्हणण्याचा आशय असा: एका हातानं नागरिकाच्या मालमत्तेवर सत्तेचा पंजा ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं तोच पैसा मर्जीतल्या लोकांच्या धंद्याला द्यायचा, ही लूट आहे, ती कायद्याच्या चौकटीत बसवली आणि तिला कर म्हटलं, तरी लूटच. कारखाना आला तर गावाला फायदा होईल, हा युक्तिवाद तेव्हाही झाला होता. त्यावर न्यायालयाचं उत्तर होतं की मग गावातला प्रत्येक दुकानदार आणि प्रत्येक खाणावळवालाही गावाचं भलंच करतो. त्या सगळ्यांनाच तिजोरी उघडून द्यायची का?

या निकालापासून आजच्या निकालांपर्यंतचा उतार कसा आला, हे पाहण्यासारखं आहे. १९३०मध्ये क्लीव्हलंडच्याच महापालिकेच्या स्टेडियमविरुद्ध दावा झाला. अपील न्यायालय म्हणालं की लोकांचं शिक्षण, करमणूक आणि आनंद वाढवणाऱ्या गोष्टी सार्वजनिक प्रयोजनात मोडतात. हे मला पटतं. ते स्टेडियम शहराचं होतं, त्यासाठीच्या कर्जरोख्यांना १९२८मध्ये मतदारांनी मंजुरी दिली होती, आणि एखाद्या संघाला तिथं खेळायचं तर शहराचा भाडेकरू म्हणूनच खेळावं लागणार होतं. घोळ पुढे झाला. शहर खरोखर मालक असलेल्या स्टेडियमबद्दलचं हे न्यायतत्त्व पुढे अशा स्टेडियमांना लावलं गेलं, जिथं सातबारा तेवढा शहराच्या नावावर आणि पीक सगळं संघाच्या घरी.

फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत हा फरक अगदी शेजारी शेजारी दिसतो. १९६६मध्ये डिअरफील्ड बीच शहर पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाला सरावासाठी सुविधा बांधून देणार होतं. न्यायालयानं कर्जरोखे रोखले. मुख्य लाभ खासगी संघाचा आहे आणि लोकांचा लाभ प्रासंगिक आहे, असं कारण दिलं. ३१ वर्षांनी, १९९७मध्ये, टॅम्पाचं प्रकरण आलं. टॅम्पा बे बकनीअर्ससाठी स्टेडियम बांधायचं होतं. हिल्सबरो काउंटीनं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सप्टेंबर १९९६मध्ये ३० वर्षांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मतदानाला टाकला, आणि त्या एकाच प्रश्नात शाळा, पोलीस, रस्ते आणि स्टेडियम सगळं एकत्र बांधलं. शाळा हवी असेल तर स्टेडियमलाही हो म्हणा, असा तो प्रश्न होता. तो मंजूर झाला. पण भाडेकरारात एक कलम होतं. संघाचा ज्यांच्याशी काडीचा संबंध नाही अशा कार्यक्रमांतूनही, म्हणजे संगीताच्या मैफली असोत की दुसऱ्या संघांचे सामने, दर वर्षी येणारे पहिले २० लाख डॉलर संघ घेणार होता. टॅम्पाचे माजी महापौर बिल पो यांनी दावा केला. खालच्या न्यायालयानं हे कलम घटनेत बसत नाही असं सांगितलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मत फिरवलं. संघ शहरात राहणं हेच सार्वजनिक प्रयोजन आहे, आणि त्यासाठी जी घासाघीस झाली तिच्यात आम्ही पडणार नाही, असा निकालाचा एकूण सूर होता.

इथं एक धागा निसटतो आणि पुढच्या सगळ्या प्रकरणांत तो निसटलेलाच राहतो. ‘स्टेडियम असणं लोकांच्या हिताचं आहे का’ आणि ‘या करारात लोकांना काय मिळालं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला धोरणाचा आहे. त्यात न्यायाधीशांनी पडू नये हे मी मान्य करतो. दुसरा हिशेबाचा आहे, आणि करारांचा हिशेब वाचणं हे तर न्यायालयांचं रोजचं काम आहे. घरमालक-भाडेकरू, विमा कंपनी-ग्राहक, ठेकेदार-महापालिका यांच्या भांडणांत ते रोज कलमं वाचतात आणि मोबदला कुठं आहे हे तपासतात. मग स्टेडियमचा करार समोर आला की डोळे का मिटायचे?

‘आर्थिक विकास’ हा शब्द बहुधा त्याचं कारण असावा. तो उच्चारला की न्यायालय कायदेमंडळाच्या अंदाजापुढे मान तुकवतं. पण या एका बाबतीत अर्थशास्त्रज्ञांमध्ये जितकं एकमत आहे तितकं फार थोड्या विषयांत आढळतं: स्टेडियमसाठी दिलेल्या सार्वजनिक पैशाची परतफेड स्थानिक अर्थव्यवस्थेतून होत नाही. कारणं समजायला सोपी आहेत. सामन्यावर खर्च होणारा पैसा बहुतेक त्याच भागातल्या लोकांचा असतो. स्टेडियम नसतं तर तो नाटक-सिनेमावर, हॉटेलात, मुलांच्या सहलीवर खर्च झाला असता. फुटबॉल संघाचे हंगामात स्वतःच्या मैदानावर आठ-नऊ सामने होतात. उरलेले दिवस पार्किंग रिकामं. उत्पन्नाचा मोठा भाग खेळाडूंच्या आणि मालकाच्या खिशात जातो आणि त्यांचा खर्च त्या गावातच होईल याची काही खात्री नसते. मला खेळ आवडतात. आपला संघ जिंकल्यावर अख्खं शहर रस्त्यावर येतं, त्या आनंदाची किंमत शून्य आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण आनंदासाठी पैसे मागायचे असतील तर आनंदासाठीच मागावेत. रोजगाराच्या नावानं मागू नयेत.

आता दुसऱ्या दाराकडे, म्हणजे मतदानाकडे.

सप्टेंबर १९९५मध्ये सिअ‍ॅटल ज्या किंग काउंटीत आहे तिथल्या मतदारांनी मरिनर्स या बेसबॉल संघाच्या नव्या स्टेडियमसाठीचा विक्रीकर अगदी थोड्या फरकानं नाकारला. त्याच शरद ऋतूत संघ कधी नव्हे तो जिंकत सुटला आणि शहर वेडं झालं. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या कायदेमंडळाचं खास अधिवेशन भरलं. उपाहारगृहांवरचा आणि भाड्याच्या गाड्यांवरचा कर अशी वेगळी पोतडी बांधून स्टेडियम मंजूर झालं, आणि कायद्यात एक ओळ घातली: ही आणीबाणीची बाब आहे. राज्यघटनेनुसार आणीबाणीच्या कायद्याविरुद्ध लोकांना सार्वमत मागता येत नाही. नागरिकांच्या एका संघटनेनं याला आव्हान दिलं. बेसबॉलचं मैदान ही कसली आणीबाणी? १९९६मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं कायदा उचलून धरला. संघ शहर सोडून जाईल ही भीती आणीबाणीला पुरेशी आहे असं कायदेमंडळाला वाटलं असेल, तर ते आम्ही मोडणार नाही. मूठभर मतांनी का होईना, लोक ‘नाही’ म्हणाले होते. ते ‘नाही’ सहा आठवडेही टिकलं नाही.

जॉर्जियातल्या कॉब काउंटीचं तंत्र याहून शांत होतं. अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघासाठी ३९ कोटी ७० लाख डॉलरपर्यंतचे कर्जरोखे काढायचे होते. काउंटीनं स्वतः एवढं कर्ज काढलं असतं तर राज्यघटनेप्रमाणे मतदान घ्यावं लागलं असतं. म्हणून रोखे काढले सभागृहं चालवणाऱ्या एका प्राधिकरणानं, आणि काउंटीनं त्या प्राधिकरणाशी करार केला की हप्ते आम्ही भरू. दोन सरकारी संस्थांमधल्या करारांना घटनेत सवलत आहे. म्हणजे कर्ज तेच, फेडणारा करदाताही तोच, फक्त कागदावरचं नाव बदललं आणि मतदान गळालं. जून २०१५मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं याला मान्यता दिली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती डेव्हिड नहमियास यांनी प्रकल्पाच्या शहाणपणाबद्दलच्या शंका धुडकावल्या नाहीत. जुन्या निकालांनी हा रस्ता आधीच मोकळा केला आहे, त्यामुळे त्या शंकांना कायद्यात जागा उरत नाही, असा त्यांचा रोख होता. हा प्रामाणिकपणा मला अस्वस्थ करतो. घटनेतलं कुलूप शाबूत आहे आणि शेजारी खिडकी उघडी आहे, हे न्यायालयाला दिसतं आहे. पण खिडकी आमच्या पूर्वसुरींनी उघडली, म्हणून ती आता बंद करता येत नाही.

मिनियापोलिसमध्ये तर शहराच्या सनदेतच १९९७पासून नियम होता: खेळाच्या वास्तूवर एक कोटी डॉलरहून जास्त खर्च करायचा तर लोकांचं मत घ्या. २०१२मध्ये वायकिंग्ज फुटबॉल संघाच्या स्टेडियमसाठी शहराचा वाटा १५ कोटी ठरला, आणि राज्याच्या कायद्यानं त्यातच लिहून टाकलं की सनदेतला हा नियम इथं लागू नाही. २०१४च्या जानेवारीत एका नागरिकाच्या याचिकेमुळे रोख्यांची विक्री काही दिवस लांबली, बस. सेंट लुइसमध्ये लोकांनी स्वतः सह्या गोळा करून २००२मध्ये असाच नियम करवून घेतला होता. रॅम्स संघाला थोपवण्यासाठी २०१५मध्ये नवं स्टेडियम पुढे आलं तेव्हा न्यायालयानं तो नियम अस्पष्ट म्हणून रद्द केला. शहरानं अपीलही केलं नाही. आपल्याच मतदारांनी केलेल्या नियमाचा बचाव शहर सोडून देतं, हे मला या सगळ्या कहाण्यांतलं सर्वांत बोचणारं वाटतं.

नेवाडाचं प्रकरण ताजं आहे. जून २०२३मध्ये तिथल्या कायदेमंडळानं ओकलंडच्या बेसबॉल संघाला लास वेगासला आणण्यासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतची सार्वजनिक मदत मंजूर केली. शिक्षकांच्या संघटनेनं पुढाकार घेतला आणि या कायद्यावर सार्वमत मागितलं. शाळांना पैसा नाही आणि स्टेडियमला आहे, हा त्यांचा मुद्दा. मे २०२४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांची याचिका बाद केली. कारण काय, तर अर्जाला कायद्याचा संपूर्ण मजकूर जोडलेला नव्हता आणि सारांश दिशाभूल करणारा होता. आता असं पाहा: कायदा डझनावारी पानांचा आणि क्लिष्ट, तर सही करणाऱ्याला तो २०० शब्दांत समजावून सांगायचा, अशी तिथली अट. हाच काटेकोरपणा कायदेमंडळाला लावला असता, आमदारांनी आपल्या मतदारांना हा व्यवहार २०० शब्दांत बिनचूक सांगावा असा नियम असता, तर किती स्टेडियमं मंजूर झाली असती?

न्यायाधीशांच्या बाजूनं बोलायचं तर एक मुद्दा वजनदार आहे. निवडून न आलेल्या माणसांनी निवडून आलेल्यांचा खर्च कापायला सुरुवात केली तर उद्या ग्रंथालय, परवा रुग्णालय, तेरवा गरिबांची घरं, सगळंच न्यायालयात अडकेल. अमेरिकेच्या इतिहासात हे घडून गेलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यायालयांनी कामगार कायदे एकामागून एक पाडले होते. त्या अतिरेकाला उतारा म्हणूनच न्यायालयं मागे सरली. मी ती चूक पुन्हा करा असं म्हणत नाही. लोकप्रतिनिधी चुकले तर लोक त्यांना घरी बसवतील, हे उत्तरही खोटं नाही. विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीच्या स्टेडियमसाठी सिनेटर जॉर्ज पेटक यांनी ऑक्टोबर १९९५मध्ये पहाटे आपलं मत फिरवलं आणि पाच काउंट्यांवर कर बसला; जून १९९६मध्ये मतदारांनी त्यांना परत बोलावलं, म्हणजे मुदतीआधीच मतदान करून पदावरून काढलं. पण तो कर मार्च २०२०पर्यंत चालू राहिला. कॉब काउंटीचे अध्यक्ष २०१६मध्ये पडले. रोखे तिथंच राहिले. निवडणूक माणूस बदलते, ३० वर्षांचा करार बदलत नाही. म्हणून अशा कर्जाला आधी मत विचारायची तरतूद घटनांत होती. शिक्षा नंतर देता येते, ही सबब आधी विचारण्याच्या हक्काची जागा घेऊ शकत नाही.

मायामीत हे सगळं एकाच गोष्टीत सापडतं. नॉर्मन ब्रॅमन या मोटारविक्रेत्यानं २००८मध्ये मार्लिन्स या बेसबॉल संघाच्या स्टेडियमविरुद्ध दावा केला. ते दाव्यात हरले. मार्च २००९मध्ये काउंटीनं करार मंजूर केला. खर्चाचा बहुतांश भार काउंटी आणि शहराच्या डोक्यावर आला. त्यासाठी काढलेल्या कर्जातला ९ कोटी १० लाखांचा एक भाग असा होता की ४० वर्षांत तो फेडताना सुमारे १२० कोटी डॉलर मोजावे लागणार आहेत. संघ म्हणत होता की आमच्याकडे पैसा नाही. २०१०मध्ये संघाचे हिशेब बाहेर फुटले आणि त्यांत नफा दिसला. ब्रॅमन यांनीच पुढाकार घेतला आणि मार्च २०११मध्ये महापौर कार्लोस अल्वारेझ यांना ८८ टक्के मतांनी परत बोलावण्यात आलं. स्टेडियम मात्र २०१२मध्ये ठरल्याप्रमाणे उघडलं. २०१७मध्ये मालक जेफ्री लोरिया यांनी संघ १२० कोटींना विकला. २००२मध्ये त्यांनी तो १६ कोटींच्या आसपास घेतला होता. करारात संघ लवकर विकला तर नफ्याचा पाच टक्के वाटा लोकांना मिळेल असं कलम होतं. लोरियांच्या हिशेबनिसांनी कर्ज, कर आणि खर्च वजा जाता नफा झालाच नाही, उलट तोटा झाला, असं दाखवलं. काउंटी आणि शहर पुन्हा न्यायालयात गेले. २०२१मध्ये तडजोड झाली आणि लोकांच्या पदरात पडले सुमारे ४२ लाख डॉलर.

२००८मध्ये ज्या न्यायालयानं ‘सार्वजनिक प्रयोजन आहे’ म्हणून दावा फेटाळला, त्यानं हाच नफ्याच्या वाट्याचा प्रश्न करार होण्याआधी विचारला असता तर? नफा कसा मोजणार, कोण मोजणार, हे लिहून आणा, मग पाहू, एवढंच म्हटलं असतं तर? त्यात धोरणाचा प्रश्न कुठं येतो?

सिनसिनाटीत हिशेब तपासायचा प्रयत्न झाला, पण उशिरा. १९९६मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी दोन स्टेडियमांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला. पुढच्या वर्षी बेंगल्स फुटबॉल संघाशी झालेल्या भाडेकरारात इतर स्टेडियमांत येतील त्या सुधारणा काउंटीनं आपल्या खर्चानं करून द्याव्यात असं कलम होतं, आणि त्या यादीत सामन्याचं क्षणचित्र हवेत त्रिमितीत दाखवणारी यंत्रणाही होती, जी तेव्हा कुठंच अस्तित्वात नव्हती. विक्रीकराचं उत्पन्न अंदाजाइतकं वाढलं नाही. काउंटीनं आपलं एक रुग्णालय विकलं. मक्तेदारीच्या जोरावर आमच्याकडून हा करार लिहून घेतला, असा दावा काउंटीनं फुटबॉल लीगवर केला. २००७मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानं मुदत टळली म्हणून तो फेटाळला. संघ थोडे आणि शहरं पुष्कळ, ही टंचाई लीगनं मुद्दाम राखलेली आहे. शहरांच्या हतबलतेचं मूळ तिथं आहे, आणि त्या प्रश्नाच्या गाभ्याला हात घालायची वेळ न्यायालयावर आलीच नाही.

कॅलिफोर्नियातलं एक जुनं प्रकरण इथं आठवतं. रेडर्स संघ ओकलंड सोडून निघाला तेव्हा शहरानं जमीन संपादन करतात तसा संघच संपादन करायचं ठरवलं. १९८२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तत्त्वतः दार उघडलं: संघ चालवणं हा सार्वजनिक उपयोग ठरू शकतो. १९८५मध्ये अपील न्यायालयानं, राज्याराज्यांमधल्या व्यापारात एका राज्यानं अडथळा आणू नये या मुद्द्यावर शहराला रोखलं. म्हणजे स्टेडियम बांधून द्यायचं असेल तेव्हा संघ सार्वजनिक, आणि तो संघ धरून ठेवायचा असेल तेव्हा तो आंतरराज्य धंदा.

केंद्राच्या कायद्यानंही या आगीत तेलच ओतलं आहे. शहरांच्या कर्जरोख्यांवरच्या व्याजाला प्राप्तिकर माफ असतो, म्हणून ते स्वस्तात विकले जातात. खासगी स्टेडियमांना हा फायदा मिळू नये म्हणून १९८६च्या करसुधारणेत अट आली: वास्तूचा १० टक्क्यांहून जास्त वापर खासगी असेल आणि कर्जफेडीचा १० टक्क्यांहून जास्त भाग खासगी उत्पन्नातून येत असेल तर करमाफी नाही. हेतू चांगला होता. पण शहरांनी अर्थ काढला तो असा, की संघाकडून भाडं कमी घ्या आणि ९० टक्के कर्ज सामान्य करांतून फेडा, म्हणजे माफी टिकेल. सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९९६मध्येच हे भोक बुजवणारं विधेयक आणलं होतं. ते मंजूर झालं नाही. ब्रूकिंग्ज संस्थेच्या २०१६च्या अभ्यासाप्रमाणे २०००नंतरच्या ३६ स्टेडियमांच्या अशा रोख्यांमुळे केंद्राचा ३२० कोटी डॉलरचा महसूल बुडाला. त्या गावात कधी पाऊलही न टाकणाऱ्या माणसानं त्याचा भार उचलला, आणि त्याला दाद मागायची सोयही नाही, कारण निव्वळ करदाता म्हणून असा दावा संघराज्याच्या न्यायालयात सहसा टिकत नाही.

मग न्यायालयानं नेमकं काय करावं? याचं उत्तर आधीच लिहून झालेलं आहे, आणि ते स्टेडियमच्या खटल्यात लिहिलेलं नाही. २०१०मध्ये अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर फिनिक्स शहरानं एका व्यापारी संकुलाच्या पार्किंगसाठी विकासकाला नऊ कोटींहून जास्त डॉलर द्यायचं कबूल केल्याचं प्रकरण आलं. न्यायालय म्हणालं की सरकारी पैशाच्या बदल्यात काय मिळालं हे मोजताना, पुढे कर वाढतील, गिऱ्हाईक येईल असली अप्रत्यक्ष स्वप्नं धरायची नाहीत. समोरच्यानं करारात जे द्यायचं कबूल केलं आहे तेवढंच मोजायचं. दिलेला पैसा त्या मानानं फारच जास्त असेल तर ती खिरापत आहे आणि राज्यघटना तिला मनाई करते. तो विशिष्ट करार त्यांनी तरू दिला, पुढच्यांना मात्र ही फूटपट्टी ठेवली. या फूटपट्टीत न्यायाधीशाला अर्थतज्ज्ञ व्हावं लागत नाही आणि खेळाचा आनंदही मोजावा लागत नाही. पुढच्याच वर्षी ग्लेन्डेल शहर आइस हॉकीच्या कोयोटीज संघाच्या नव्या खरेदीदारासाठी १० कोटींचे रोखे काढायला निघालं, तेव्हा याच कलमाखाली खटला होईल या शक्यतेनंच ते रोखे विकले जाईनात आणि सौदा फिसकटला.

दुसरी फूटपट्टी मतदारांनी स्वतः बनवली. सिअ‍ॅटलच्या लोकांनी १९९५चा तो अनुभव गाठीशी बांधला होता. नोव्हेंबर २००६मध्ये त्यांनी सुमारे तीन चतुर्थांश बहुमतानं नियम केला: शहरानं एखाद्या खेळाच्या वास्तूत पैसा घातला तर त्यावर निदान केंद्र सरकारच्या रोख्यांइतका परतावा मिळालाच पाहिजे. बंदी घातली नाही, खेळाविरुद्ध एक शब्दही काढला नाही. लोकांचा पैसा उसना द्यायचा तर बँक लावते तशी अट लावली. तीच अट अशी लिहिली की न्यायालयाला ‘हित’ या धुरकट शब्दात शिरायचं कारणच उरू नये. परतावा आहे किंवा नाही.

त्याची किंमत शहरानं मोजली, हे लपवायला नको. दोन वर्षांत सॉनिक्स हा बास्केटबॉल संघ ओक्लाहोमा सिटीला निघून गेला. शहराला साडेचार कोटी डॉलर घेऊन करारातून मोकळं व्हावं लागलं. ४१ वर्षांचा संघ होता. त्या पिढीच्या लोकांना तो आजही दुखतो, आणि त्या दुःखाला मी लहान म्हणणार नाही. पुढची कित्येक वर्षं सांगितलं गेलं की असा नियम असलेल्या शहरात कुणी वीट रचणार नाही. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये त्याच जागी, जुन्या ऐतिहासिक छपराखाली, नवं एरिना उघडलं. शंभर कोटींहून जास्त खर्च खासगी कंपनीनं केला आणि वास्तू शहराच्या मालकीची राहिली. तिथं आता आइस हॉकीचा संघ खेळतो, आणि तिथल्या नागरिकांना त्यासाठी कुठल्याही न्यायालयात जावं लागलेलं नाही.